दोन इंचांचं बिऱ्हाड

जुनी जिप्सी घेतलेला माणूस ओळखायला अगदी सोपा. चारचौघांत बोलता बोलता तो मधेच वाकतो आणि शेजारी उभ्या असलेल्या गाडीच्या पोटाखाली डोकावतो. मंगल कार्यालयाबाहेर, बँकेच्या दारात, वैकुंठ स्मशानभूमीच्या फाटकापाशीसुद्धा. गाडीखालून पलीकडचा फुटपाथ नीट दिसला तर गाडीला मान, नाही दिसला तर मालकाची कीव. मग घरी येऊन तो आपल्या जिप्सीखाली डोकावतो, आणि तिथून खर्चाला सुरुवात होते.

बाकीच्यांना जिप्सी ठाऊक असते ती ताडोब्यातली. पहाटे मोहर्लीच्या गेटवर रांगेत उभी, मागे उंच बाकं आणि त्यांवर शाली गुंडाळून बसलेलं अख्खं कुटुंब. नाहीतर पोलिसांची, नाहीतर लष्कराची. मारुतीने ती डिसेंबर १९८५ मध्ये बाजारात आणली तेव्हा इंजिन होतं ९७० सीसीचं आणि ताकद ४५ अश्वशक्ती. १९९३ मध्ये डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ९० मिलिमीटरने वाढलं, १९९६ मध्ये १३०० सीसीची ‘किंग’ आली, २००० मध्ये ताकद ८० अश्वशक्तीवर गेली आणि २०१९ मध्ये सामान्य गिऱ्हाइकासाठी गाडी बंद झाली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मात्र कुणी बदलली नाही. पुढे पाटे, मागेही पाटे. कॉइल स्प्रिंग नावाची चैन जिप्सीच्या नशिबी आलीच नाही. वजन जेमतेम हजार किलो आणि पाटे ताठ, त्यामुळे रिकामी जिप्सी खड्ड्यातून गेली की मागच्या आडव्या बाकांवरची मंडळी छताला भेटून येतात.

ही गाडी मूळची जपानी, आणि सुझुकीच्या या घराण्यात इंचांची ओढाताण पहिल्यापासून आहे. १९७० सालच्या एलजे-१० या तिच्या आजीला ३५९ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन होतं. तिथल्या छोट्या गाड्यांच्या वर्गात बसायचं तर लांबी तीन मीटरच्या आत हवी. म्हणून सुझुकीने स्टेपनी मागे न टांगता आतच घेतली. चौथ्या माणसाची जागा चाकाने खाल्ली, पण गाडी नियमात बसली. असल्या काटकसरी कुळातल्या गाडीला पुण्यातल्या एका गृहस्थाने दोन इंच उंच करायचं ठरवलं.

दोन इंच कशासाठी, हा प्रश्न अशा घरात विचारायचा नसतो. विचारला की थेट चिली देश निघतो. एप्रिल २००७ मध्ये तिथल्या दोघांनी याच कुळातली सुझुकी सामुराई, बरेच बदल करून, ओहोस देल सालादो नावाच्या ज्वालामुखीवर ६,६८८ मीटरपर्यंत चढवली. चारचाकीसाठी तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. गृहस्थाने हे सगळं हातवारे करून सांगितलं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “हो रे, पण आपल्याला भोरला जायचंय ना?”

आता मुद्द्याची गोष्ट. गाडी उंच करायचं सामान, म्हणजे लिफ्ट किट, विकणारा ती सगळ्यात शेवटी सांगतो, आणि घेणारा त्याच्याही नंतर ऐकतो. जिप्सीचे दोन्ही ॲक्सल अखंड असतात आणि प्रत्येकाच्या पोटाशी डिफरन्शियलचा गोळा लोंबतो. गाडीचं जमिनीपासूनचं अंतर २१० मिलिमीटर म्हणतात ते याच गोळ्यापाशी मोजलेलं. पाटे उंच केले की चॅसी वर जाते, बॉडी वर जाते, बसणारा वर जातो आणि त्याचा आत्मविश्वास तर फारच वर जातो. ॲक्सल मात्र जिथल्या तिथे. त्याची उंची पाटे ठरवत नाहीत, टायर ठरवतो. त्यामुळे लिफ्टच्या आधी तो गोळा ज्या दगडावर आपटत होता, लिफ्टनंतरही त्याच दगडावर आपटतो.

मग फायदा काय? फायदा आहे. नाक आणि शेपूट उंच होतं, त्यामुळे चढाच्या पायथ्याशी बंपर मातीत घुसत नाही. पोट वर गेल्याने गाडी बांधावर अडकून झुलत राहत नाही. आणि मुख्य म्हणजे मडगार्डखाली मोठ्या टायरला जागा होते. मूळचा २०५/७० आर १५ टायर काढून २३५/७५ आर १५ बसवला की व्यास सुमारे ६६८ मिलिमीटरचा ७३३ होतो, आणि त्याचा अर्धा फरक, म्हणजे तेहेतीस मिलिमीटर, त्या गोळ्याच्या वाट्याला येतो. सव्वा इंच धरा. पाट्यांवर हजारो रुपये घातलेल्या माणसाला खरी उंची टायरवाल्याने दिली, हे कळतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

मोठ्या टायरचं आणखी एक देणं असतं. चाक दहा टक्के मोठं झालं की स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी सहासष्टने पळत असते. गाडी पळते आहे असं मात्र वाटत नाही. ८० अश्वशक्तीला तेच गिअर आता जड जातात, आणि वरंध घाटात ज्या वळणावर पूर्वी तिसरा चालायचा तिथे गाडी दुसरा मागते.

लिफ्टचे मार्ग बरेच. सगळ्यात स्वस्त म्हणजे लांब शॅकल. पाट्याचं एक टोक चॅसीला पक्कं असतं आणि दुसरं दोन लोखंडी पट्ट्यांच्या जोडीने टांगलेलं असतं. ती जोडी म्हणजे शॅकल. ती दोन इंच लांब केली की गाडी दोन इंच उचलली जाईल, असा भोळा हिशेब असतो. पण पाट्याचं एकच टोक खाली जातं, त्यामुळे मधे बसलेल्या ॲक्सलपाशी उचल मिळते एकच इंच. शिवाय जिप्सीला पुढच्या बाजूचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतं. ते लांबलं की पाटा नाकावर झुकतो, त्यासोबत ॲक्सल पुढे कलंडतो आणि स्टिअरिंगला सरळ ठेवणारा कॅस्टरचा कोन कमी होतो. मग सरळ रस्त्यावर गाडी आपल्या मनाने हिंडू लागते आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही. यावर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर बसवतात. म्हणजे एका इंचासाठी शॅकल आणि शॅकलच्या दुरुस्तीसाठी पाचर.

दुसरा मार्ग हायवेवरच्या पाटेवाल्याचा. तो जुने पाटे सोडवतो, लाल करून ठोकतो आणि कमान वाढवून देतो. काम डोळ्यांसमोर होतं, ठिणग्या उडतात, गिऱ्हाईक खूश. मात्र लाल केलेल्या पोलादाला पुन्हा नीट पाणी चढवलं नाही तर ती कमान थोड्याच दिवसांत पहिल्यासारखी बसते. तयार किटमधले जास्त कमानीचे नवे पाटे महाग पडतात, पण डोकेदुखी कमी देतात.

आणि तिसरा मार्ग धाडसी लोकांचा. कंपनीने जिप्सीचे पाटे ॲक्सलच्या खालून बांधले आहेत. हे लोक ते ॲक्सलच्या वर नेतात. एका फटक्यात साधारण पाच इंच मिळतात. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या चिखलाच्या स्पर्धांसाठी हे ठीक आहे, पण अशा स्पर्धांतल्या बऱ्याच गाड्या मैदानापर्यंत ट्रकवर बसून येतात. ज्याला सोमवारी याच गाडीने ऑफिसला जायचं आहे त्याने या वाटेला जाऊ नये. ॲक्सलवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, स्टिअरिंगचा रॉड पाट्याला अडतो म्हणून तो वाकडा नवा करावा लागतो, आणि क्लच जरा जोरात सोडला की पाटे पिळवटतात.

आपल्या गृहस्थाने शहाणपणाने दोन इंची नवे पाटे निवडले आणि गाडी गॅरेजमध्ये नेली. लिफ्ट किटच्या माहितीपत्रकात बोल्ट नेहमी चकचकीत असतात. जिप्सीच्या शॅकलची पिन मात्र वीस पावसाळे खाऊन बुशच्या आतल्या नळीशी एकजीव झालेली असते. उस्तादांनी आदल्या रात्री डिझेल ओतून ठेवलं होतं. सकाळी नट निघाला, पिन हलेना. हातोडा झाला, पाइप घालून पान्याची दांडी लांब करून झाली, गॅसची ज्योत लावून झाली. रबराचा काळा धूर निघाला, शेजारच्या इडलीवाल्याने शिव्या दिल्या, पिन तशीच. शेवटी पोऱ्याने ग्राइंडर आणला आणि दोन्ही बाजूंनी पिन कापली. तोवर दुपारचा चहा आला होता आणि पाट्यांच्या आठ टोकांपैकी एक सुटलं होतं.

संध्याकाळी नवे पाटे चढले. पोऱ्या पाना घेऊन शॅकलचे नट आवळायला वाकला, तसे उस्ताद ओरडले, “थांब रे! गाडी हवेत आहे अजून.” हे फार कमी ठिकाणी ऐकायला मिळतं. जॅकवर लटकलेल्या गाडीचे पाटे ढिले लोंबतात. तशातच नट आवळले की रबरी बुश त्या स्थितीत पकडलं जातं, आणि गाडी जमिनीवर आल्यावर कायमचं पिळलेलं राहून लवकर फाटतं. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन पाट्यांवर, मगच शेवटचं आवळणं. यू-बोल्ट नवेच घ्यायचे आणि शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्यायचे. ज्या गॅरेजमध्ये हे न सांगता करतात, तिथे पैसे देताना घासाघीस करू नये.

गाडी उंच झाली. पहिल्या फेरीत पन्नासच्या पुढे खालून घरघर ऐकू येऊ लागली. जिप्सीचा ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, वेगळा टांगलेला असतो, आणि त्याच्याकडून पुढच्या नि मागच्या ॲक्सलला प्रोपेलर शाफ्ट जातात. गृहस्थाने विचारलं, पाटे बदलले तर शाफ्टला काय झालं? उस्तादांनी हात पुसत सांगितलं, “साहेब, केस वर गेला, हाउसिंग खालीच राहिलं. शाफ्टनं मधे काय करायचं?” शाफ्टचा कोन वाढला होता आणि त्याच्या सांध्यांतले क्रॉस कुरकुरत होते. मग स्पेसर आले. स्पेसरपाठोपाठ लांब शॉकअप आले, कारण जुने पूर्ण ताणले जाऊन आधीच अडत होते. त्यांच्यामागोमाग ब्रेकचे लांब होस आले, आणि या एका बाबतीत टाळाटाळ करणाऱ्याला कुणी गाडी चालवू देऊ नये. चाक खाली लोंबल्यावर ताणलेला होस तुटला तर दोन इंचांचा हिशेब तिथेच संपतो.

घरच्यांची प्रतिक्रिया वेगळीच आली. सासूबाईंनी एक पाय पायदानावर ठेवला, दुसरा जमिनीवर, आणि जावयाकडे बघून विचारलं, “आता पुढं काय करायचं?” मग मागे एक प्लॅस्टिकचं स्टूल कायमचं राहू लागलं. बायकोने बिल पाहून फक्त एवढंच म्हटलं की दोन इंचांना उंच टाचेचे सँडल यापेक्षा बरेच स्वस्त मिळतात. आणि साधारण १८७ सेंटिमीटर उंचीची गाडी लिफ्ट नि टायर धरून १९५ वर गेल्यामुळे, मॉलच्या तळघरात दोन मीटरच्या दांडीखालून जाताना गृहस्थ स्वतःचं डोकं खाली घालू लागले.

इथे थोडं गंभीर होणं भाग आहे. अरुंद आणि उंच गाडी वळणावर कलंडते, हे सांगायला अभियंता लागत नाही. अमेरिकेत १९८८ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या मासिकाने सामुराईला झटकन वळवल्यावर उलटू शकणारी म्हणून अस्वीकार्य ठरवलं. सुझुकीने १९९६ मध्ये दावा लावला आणि २००४ मध्ये तडजोड झाली. आपल्याकडच्या दिवाणी दाव्यांच्या मानाने हे तातडीचंच म्हणायचं. त्यात कोण बरोबर यावर आजही वाद घालता येईल, पण ती भांडणं लिफ्ट न केलेल्या गाडीवरून होती एवढं लक्षात ठेवावं.

कायद्याचंही तसंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही ज्यामुळे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितलं. बेकायदा ठरलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा भुर्दंड पडू शकतो, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. त्यामुळे कागदावरच्या जिप्सीत आणि रस्त्यावरच्या जिप्सीत किती अंतर पडतं आहे, हे आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारून घ्यावं. अपघातानंतर विचारलं तर उत्तर महाग पडतं.

एवढं सगळं वाचूनही ज्याच्या डोक्यातून दोन इंच जात नसतील, त्याने एक करावं. जुन्या जिप्सीचे पाटे बहुधा बसलेलेच असतात आणि बुश गेलेले असतात. आधी कंपनीच्या मापाचे नवे पाटे आणि बुश घाला, कंपनीच्याच मापाचे चांगल्या नक्षीचे टायर घाला, आणि एक अख्खा पावसाळा मुळशीच्या चिखलात चालवून बघा. गाडी हलकी आहे, फोर व्हील आहे, आणि जिथे दोन-अडीच टनांच्या नव्या गाड्या रुततात तिथून ती बऱ्याचदा शिट्टी वाजवत निघून जाते. त्यानंतरही कमी वाटलं तर दोन इंच वाढवा, पाच नकोत. तोवर पाटेवाल्याला उचल देऊ नका.