पॉइंटगुरूंच्या चरणी एक अर्ज

रा. रा. पॉइंटगुरू महाराज,
मुक्काम बिझनेस क्लास, खिडकीकडची सीट,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपला नवा व्हिडिओ पाहिला आणि ऊर भरून आला. आपण नेहमीप्रमाणे पस्तीस हजार फुटांवर, पाय लांब करून, हातात पेला घेऊन बसला होता आणि आम्हाला सांगत होता की अडीच लाखांचं तिकीट आपल्याला नऊ हजारांत पडलं, तेही घरखर्चाची बिलं कार्डावर भरून. फुकट ते पौष्टिक हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. पण ते शँपेनच्या रूपात वाढलं जाईल असं आमच्या आजोबांच्या स्वप्नातही आलं नसेल. शेवटी आपण म्हणालात, ‘माझं आवडतं कार्ड खाली दिलं आहे.’ आम्ही खाली पाहिलं. आवडती कार्डं अकरा होती. माया असावी तर अशी.

त्या अकरांच्याही खाली, पडदा दोनदा सरकवल्यावर, बारीक टायपात आणि इंग्रजीत एक कबुली होती: या लिंकवरून अर्ज केलात तर आपल्याला काही मोबदला मिळू शकतो, ग्राहकाला मात्र जादा काही पडत नाही. आपण बोललात पाऊण तास अस्खलित मराठीत, आणि पैशाचा विषय निघाला तेव्हाच आपल्याला इंग्रजी आठवलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये आपल्यासारख्या थोरांसाठी सूचना काढल्या होत्या. ज्या भाषेत शिफारस, त्याच भाषेत कबुली. ती ठळक हवी, आणि व्हिडिओ असेल तर दिसायलाही हवी आणि ऐकूही यायला हवी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा तेच केलं तर पन्नास लाखांपर्यंत. आपल्या व्यापात हे वाचायचं राहिलं असेल. ताकाला जाऊन भांडं लपवू नये असं आमच्याकडे म्हणतात. आपण भांडं लपवलं नाहीत, फक्त इंग्रजीत झाकून ठेवलंत.

पण गुरुवर्य, कबुली मोठ्या टायपात आणि शुद्ध मराठीत दिली असती तरी आमचं फारसं भलं झालं नसतं, हे मी आधीच मान्य करतो. डेलियन केन, जॉर्ज लोवेनस्टीन आणि डॉन मूर या अमेरिकेतल्या तीन अभ्यासकांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बरणीत नाणी आहेत, ती किती किमतीची हे ओळखायचं. ओळखणाऱ्याला बरणी लांबून दिसते. बरणी जवळून पाहिलेला एक सल्लागार त्याला आकडा सुचवतो. काही सल्लागारांना अंदाज अचूक ठरला तर पैसे मिळत, काहींना अंदाज जितका फुगेल तितके जास्त. ही दुसरी गोष्ट उघड सांगितल्यावर काय झालं? सल्लागारांनी आकडे आणखी फुगवले. एकदा सांगून टाकलं की मन हलकं होतं आणि हात मोकळा. ऐकणाऱ्यांनी थोडी काटछाट केली, पण पुरेशी नाही. कबुली नव्हती तेव्हापेक्षा त्यांचं नुकसान जास्त झालं. तेव्हा ‘मी प्रामाणिकपणे सांगतोय की मला यातून पैसे मिळतात’ असं आपण छातीवर हात ठेवून म्हणता, तेव्हा मी खिशावर हात ठेवतो.

आपल्या व्यवसायाची रचना माझ्यासारख्या अडाण्याला कळली ती अशी. लिंकमध्ये आपली खूण असते. त्या खुणेवरून अर्ज आला आणि मंजूर झाला की बँक किंवा मधलं ॲप आपल्याला ठरलेली रक्कम देतं. कार्डागणिक आणि महिन्यागणिक ती बदलते. काही कार्डांवर भरघोस, काहींवर शून्य. पैसे मंजुरीचे आहेत. पुढे त्या माणसाने बिल वेळेवर भरलं का, वार्षिक फी वसूल झाली का, तो कधी विमानात बसला का, याच्याशी त्या रकमेचा संबंध नाही. जिथे आपलं काम संपतं तिथून आमचं सुरू होतं.

आता जरा बाजूच्या दुकानात डोकवा. म्युच्युअल फंड विकणाऱ्याला एनआयएसएमची परीक्षा द्यावी लागते, एआरएन क्रमांक घ्यावा लागतो. २०१६ पासून गुंतवणूकदाराच्या सहामाही एकत्रित उताऱ्यावर वितरकाला किती कमिशन गेलं ते रुपयांत छापून येतं. त्याहीआधी, जानेवारी २०१३ पासून, वितरकाला वगळून थेट ‘डायरेक्ट’ योजनेत पैसे घालायची सोय आहे. विमा एजंटालाही परीक्षा आहे. शिवाय तो ओळखीतला असतो, लग्नाकार्यात भेटतो, त्याची कॉलर धरता येते. कॅमेऱ्यासमोर क्रेडिट कार्डाची शिफारस करायला मात्र कायद्याने तशी परीक्षा नाही. चांगला उजेड पुरतो.

कमिशन घेणं पाप आहे असं मी म्हणत नाही. नियम-अटींची चाळीस पानं रात्री जागून कोणी फुकट वाचत नाही, आणि आपल्यातले काही जण ती खरोखर वाचतात. कोणत्या खर्चावर पॉइंट बंद झाले, लाउंजसाठी मागच्या तिमाहीत किती खर्च दाखवावा लागतो, परदेशात कार्ड घासलं की साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी कसा बसतो, हे मला बँकेच्या माणसाने सांगितलं नाही; आपल्यासारख्यांकडूनच कळलं. त्याचं मोल आहे. आपण खोटं बोलता असाही माझा आरोप नाही. पैसे देणाऱ्याला आपल्याकडून खोटं नकोच असतं. त्याला हवं असतं आपलं मौन, आणि मौनाखाली कबुलीची ओळ लिहिता येत नाही.

म्हणून मी हल्ली आपण काय बोलता ते ऐकत नाही, काय गाळता ते पाहतो. तेच कार्ड बँकेच्या शाखेत, पगाराचं खातं आहे म्हणून, वार्षिक फीशिवाय मिळत असेल, तर आपण ते सांगता का? बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जास्त पॉइंटांची योजना चालू आहे आणि आपल्या लिंकवर कमी, तेव्हा आम्हाला ‘जादा काही पडत नाही’ हे कसं? ज्या कार्डावर आपल्याला दमडी मिळत नाही असं एखादं कार्ड आपल्या अकरांत आहे का? आणि, हे जरा जास्त मागणं होईल, ‘तुम्ही कार्ड घेऊच नका’ असं आपण आजवर कोणाला म्हणालात का? ज्याचा पगार महिन्याच्या वीस तारखेला संपतो त्याला? अमेरिकेत, जिथे आपल्या संप्रदायाचं मूळपीठ आहे, तिथले जुने वाचक लेखकाची पारख अशीच करतात: कमिशन नसलेली जास्त चांगली ऑफर त्याने सांगितली की गिळली.

अडीच लाखांच्या तिकिटाबद्दलही थोडं. आपण ते तिकीट अडीच लाख रोख देऊन काढलं असतं का? नसतं. आपण इकॉनॉमीने गेला असता, म्हणजे बचत झाली ती फार तर इकॉनॉमीच्या भाड्याएवढी. उरलेलं सुख, बचत नव्हे. पण छापील किमतीला पॉइंटांनी भागलं की एका पॉइंटाची किंमत फुगते, आणि त्या फुगलेल्या किमतीवर बारा हजारांची वार्षिक फी किरकोळ वाटू लागते. आपण एकटे, बुधवारी, फेब्रुवारीत उडता. आम्ही चौघं, मे महिन्यात, शाळा सुटल्यावर. पॉइंटांवर मिळणाऱ्या अवॉर्ड सीटा असतात मोजक्या, आणि सुट्टीच्या दिवसांत त्याही दिसत नाहीत. पॉइंट आहेत तर सीट नाही, सीट आहे तर त्यावरचे कर आणि सरचार्ज पाहून छातीत धस्स होतं. दात आहेत तर चणे नाहीत, दुसरं काय.

मुळात पॉइंट ही काही भेट नव्हे. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘अॅडव्हांटेज’ ही योजना सुरू केली, तेव्हा ती नेहमीच्या गिऱ्हाइकाला बांधून ठेवायची युक्ती होती. पुढे विमान कंपन्या बँकांना माइल, म्हणजे आपले पॉइंट, विकू लागल्या, आणि धंदा एवढा वाढला की २०२१ मध्ये याच कंपनीने ही योजना तारण ठेवून सुमारे दहा अब्ज डॉलर उभे केले. छापणारी तीच, भाव ठरवणारी तीच. आपल्याकडे ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला एक लाख खर्च केला की पंचवीस हजार पॉइंट जादा मिळत. त्या काळातले आपले व्हिडिओ मी पाहिले आहेत. आवाज भक्तीने कापत होता. १ सप्टेंबर २०२३ पासून ते पंचवीस हजार बंद झाले, वार्षिक फी दहा हजारांवरून साडेबारा हजारांवर गेली, आणि पॉइंटांचे माइल करण्याचं प्रमाण पाचाला चारवरून पाचाला दोनवर आलं. ज्याने लाखभर पॉइंट साठवून ठेवले होते त्याचे ऐंशी हजार माइल एका रात्रीत चाळीस हजार झाले. बँकेने नियमात बसेल तेच केलं. पॉइंटांचे नियम बदलण्याचा हक्क तिने राखूनच ठेवलेला असतो. पण आपण? आपण दुःखाचा व्हिडिओ काढलात. डोळ्यांत पाणी होतं. आणि खाली दुसऱ्या कार्डाची लिंक होती.

जुने भक्तिगीतांचे व्हिडिओ आपण काढून टाकले नाहीत, हेही नोंदवून ठेवतो. ते अजून कोणी पाहत असेल आणि पॉइंट साठवत असेल. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली आणि विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. दोन्हींच्या सदस्यांनी आपले पॉइंट दुसऱ्या नावाच्या योजनेत गेलेले पाहिले. साठवण्याचा सल्ला देणाऱ्याने ही उदाहरणं आधी सांगावीत, मग शँपेन.

आता ज्यावर आपलं मौन सर्वात गाढ आहे, तिकडे वळतो. कार्डाची थकबाकी राहिली तर व्याज साधारण महिना पावणेचार टक्क्यांपर्यंत जातं. एक लाख रुपये महिनाभर राहिले तर ३,७५० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६७५, एकूण ४,४२५. त्याच लाखावर दोन टक्क्यांचा सढळ परतावा धरला तरी पॉइंट मिळाले दोन हजारांचे. शिवाय पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डाच्या व्याजाला वार्षिक तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो आदेश रद्द केला. एवढी मोठी बातमी, पण तिच्यावर लिंक नव्हती.

सुमित अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कार्डांचा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की बक्षिसांच्या या व्यवहारात वर्षाला सुमारे पंधरा अब्ज डॉलर कार्ड नीट न वापरता येणाऱ्यांकडून ते नीट वापरणाऱ्यांकडे जातात. गुरुवर्य, आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. आपल्या पेल्यातलं जे काही होतं, त्याचे पैसे ‘मिनिमम ड्यू’ भरणाऱ्या कोणीतरी दिले. तो आपला प्रेक्षकही असू शकतो. आपल्या लिंकवरून कार्ड घेतलेलाही असू शकतो, आणि तसं असेल तर आपल्याला त्याच्याकडून दोनदा मिळालं: एकदा मंजुरीचं, एकदा व्याजाचं.

तरी मागणं फार नाही. प्रत्येक कार्डाच्या नावापुढे, त्याच ओळीत, त्याच टायपात, मराठीत, आपल्याला त्यावर किती रुपये मिळतात तो आकडा लिहा. म्युच्युअल फंडवाले गेली कित्येक वर्षं तो दाखवून जगले आहेत, त्यांची दुकानं बंद पडली नाहीत. शून्य मिळणारी कार्डंही यादीत घ्या आणि पुढे शून्य लिहा. जुन्या व्हिडिओवर ‘हे आता खरं नाही’ अशी पाटी लावा. आणि पुढच्या वेळी विमानातून बोलाल तेव्हा महिनाअखेरीच्या त्या ४,४२५ रुपयांबद्दल एक मिनिट बोला. शँपेन हातात असली तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
इकॉनॉमीतला एक प्रवासी

ता. क. वाचकांसाठी: क्रेडिट कार्ड बंद करायचा अर्ज दिला आणि काही थकबाकी नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे बँकेने ते कामकाजाच्या सात दिवसांत बंद करायला हवं. नाही केलं, तर उशिराच्या प्रत्येक दिवसामागे पाचशे रुपये तुम्हाला देणं लागतं. कार्ड बंद करण्यावर कोणालाही कमिशन मिळत नाही.