मागच्याच उन्हाळ्यात तर भरला होता

जुन्या गाडीच्या एसीत गॅस भरणे हा बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतला वार्षिक विधी आहे. मुहूर्त एप्रिलचा. त्याच सुमारास कर्नाटक सरकार कलबुर्गी विभागातल्या कचेऱ्या सकाळी आठ ते दुपारी दीड या वेळेत आणते. गाड्यांना अशी सवलत नाही. उन्हावरचा याहून जुना उपाय राजधानी हलवण्याचा. पंधराव्या शतकात अहमदशाह वली बहमनीने गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, सोडून बिदरचे उंच पठार गाठले. त्यामागे जी अनेक कारणे सांगतात, त्यांत तिथली हवाही येते. त्या उपायाला गॅस लागत नसे.

एसीची रचना बंद चक्राची असते. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळून पुन्हा गॅस होतो. या फेऱ्यात तो पेट्रोलसारखा जळत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर गेला, एवढाच अर्थ. ‘गॅस कमती है साब’ या निदानानंतर गॅस गेला कुठे, हा प्रश्न गॅरेजात सहसा निघत नाही, आणि त्यात दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. गळती शोधायची तर नायट्रोजनचा दाब देऊन सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. कॉइल फुटली असेल तर डॅशबोर्ड उतरवायचा. फेसाला कसले पैसे, असे म्हणणारा मालक गॅसचे पैसे मात्र दर एप्रिलला बिनतक्रार मोजतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अँबेसेडर, कॉन्टेसा, मारुती ८०० यांच्या एसीत आर-१२ हा गॅस असे. तो ज्यांच्या प्रयोगशाळेतून १९२८ च्या सुमारास आला त्या थॉमस मिजली यांनीच आधी पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची युक्ती काढली होती. जुन्या मोटारीच्या पेट्रोलमधले शिसे आणि एसीतला गारवा दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातले. क्लोरिन असलेली ही संयुगे ओझोनचा थर खातात, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले. त्यांना आवर घालण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. २००३ पासून नव्या गाड्यांच्या एसीत हा गॅस वापरण्यास बंदी आली आणि ऑगस्ट २००८ मध्ये देशातले त्याचे उत्पादन थांबले. जुन्या गाडीत उरलेला गॅस मात्र व्हॉल्व्हची पिन दाबून हवेत सोडून दिला जातो. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. हवेत सुटलेला आर-१२ सुमारे शंभर वर्षे कोणत्याही नूतनीकरणाशिवाय राहतो.

आर-१२ मिळत नाही म्हणून आर-१३४ए भरला जातो. दोन्ही गॅस एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांच्या जोडणीची तोंडे मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. या दूरदृष्टीवर बाजाराने अडॅप्टर काढला. नवा गॅस जुन्या खनिज तेलात विरघळत नाही, त्यामुळे ते तेल कॉम्प्रेसरकडे धड परतत नाही, आणि कोरडा पडलेला कॉम्प्रेसर एक दिवस जाम होतो. म्हणून जुने तेल काढून पीएजी किंवा एस्टर तेल घालायचे, ओ-रिंग आणि ड्रायर बदलायचा, व्हॅक्यूम पंप अर्धा-पाऊण तास चालवून आतला ओलावा ओढून घ्यायचा. गॅस मूळ मापाच्या ऐंशी-नव्वद टक्के इतकाच भरायचा. प्रत्यक्षात व्हॅक्यूम एका चहात आटोपतो आणि मापाऐवजी हात लावून पाइप गार लागतो का, हे पाहिले जाते. पाइप गार लागला नाही तर आणखी थोडा गॅस जातो. तेलाची बाटली मागच्या फळीवर तशीच सीलबंद राहते.

उन्हाळ्यातल्या तापमानांना आर-१३४ए चा दाब आर-१२ पेक्षा जास्त असतो, आणि जुना कंडेन्सर तेवढ्यासाठी बनवलेला नसतो. म्हणून हमरस्त्यावर वारा लागतो तोवर गारवा टिकतो आणि हुमनाबादच्या गर्दीत गाडी थांबली की संपतो. त्यावर काही ठिकाणी एलपीजीसारखे मिश्रण भरतात. ते थंड खरोखरच चांगले करते. फक्त पेटते, आणि कूलिंग कॉइल प्रवाशांच्या गुडघ्यांपुढेच असते.

आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या तेराशेपटींहून वरचढ आहे. त्यामुळे माँट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्याच्यावरही बोट ठेवले, आणि भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. भारतात या वर्गातल्या वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आहे आणि कपात २०३२ पासून सुरू करायची आहे. गॅरेजात त्याला अजून ‘नवा गॅस’च म्हणतात.