ड्रमचे दात

लग्नसराई संपली की खानदेशातल्या बँडवाल्यांची वाद्यं माळ्यावर जातात. पाचोऱ्यात अशाच एका माळ्यावरून जुना ड्रमसेट खाली उतरला. ऑक्टोपॅड आल्यापासून तो वरच पडून होता. बघायला जाताना मी काकांना सोबत नेलं. काकांना सुरातालाचं काही कळत नाही, पण त्यांची हयात वरखेडीच्या बाजारात बैल पारखण्यात गेली.

सेटवर नाव कुठेच नव्हतं.

"भाऊ, बठ्ठं ओरिजनल शे. पंचमदास्ना रेकॉर्डिंगमा वाजेल शे," मालक म्हणाला. (जुनी वाद्यं विकणाऱ्यांचं ऐकलं, तर पंचमदांकडे स्टुडिओ नव्हे, ड्रमांचं गोदामच असणार.)

मी नाव शोधतोय हे बघून काका म्हणाले, "बैलना कपाळवर नाव राहस का? पहिले दात दखूत."

ड्रमचे दात म्हणजे खोडाची कड. पान उतरवलं की लाकडाचे थर मोजता येतात. इथे लाकूड तांबूस, हलकं, आणि आतून काठाला जाड कडं चिकटवलेलं. 1960च्या दशकातल्या जपानी सेटांची ही ठेवण. फेब्रुवारी 1964 मध्ये बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर आले, रिंगोच्या ड्रमवरचं 'लडविग' हे कंपनीचं नाव घरोघर दिसलं आणि पोरापोराला ड्रम हवा झाला. लडविग सगळ्यांना थोडाच परवडणार! मग जपानी कारखान्यांचे तसेच दिसणारे स्वस्त सेट खपू लागले. त्यांवर नाव बहुधा कारखान्याचं नसे, माल मागवणाऱ्याचं असे. एका गोठ्यातली वासरं, दहा दावणींना बांधलेली. म्हणजे नाव सापडलं असतं तरी दावणच कळली असती.

काकांचं बोट खोडावरून फिरता फिरता हवेच्या भोकापाशी थांबलं. मोतिया रंगाचं प्लास्टिक सगळीकडे पिवळं पडलेलं, पण भोकाभोवती रुपयाएवढा गोल अजून पांढराशुभ्र.

"आठे बिल्ला व्हता. काढी लेल शे."

मालक छताकडे बघू लागला. तो बिल्ला आता मेरठमध्ये बनलेल्या एखाद्या ड्रमच्या छातीवर मिरवत असेल. पुढे छोट्या ड्रमला चार भोकं बुजवलेली निघाली आणि स्नेअरचं लाकूड तर वेगळ्याच जातीचं होतं. जोडी घरची नव्हती, जमवलेली होती. काकांना त्याचं काही वाटलं नाही. जमवलेल्या जोड्याही शेत नांगरतात. भाव तेवढा उतरतो.

भाव ठरवायला त्यांनी खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला. मालकही खानदेशी, त्याने न सांगता रुमालाखाली हात घातला. बोटं दाबली गेली, दोघांच्या भुवया वर गेल्या, मग खाली आल्या. पैसे मी मोजले.

रिक्षात सामान चढवून झालं. काका सुपारी कातरत म्हणाले, "वाजस का पण?"

आम्ही त्यावर एकदाही टिपरी मारली नव्हती.