ना मोड, ना घट

सातारा-सांगलीच्या वैभवाची यादी करायला बसले की आपण अजिंक्यतारा, कास, कंदी पेढे, हळद आणि गणपती मंदिर एवढ्यावर लेखणी खाली ठेवतो. यादी चुकीची नाही, अपुरी आहे. या दोन जिल्ह्यांत कपाटाच्या तळच्या कप्प्यात, माळ्यावरच्या ट्रंकेत आणि स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीला जुन्या प्लास्टिकच्या पिशव्या, पर्स आणि बेन्टेक्सचे दागिने यांचा एक मोठा संग्रह पिढ्यांपासून साठत आला आहे. त्याची दखल ना गॅझेटिअरने घेतली, ना पर्यटन खात्याने. अनुदान नसताना, समिती नसताना आणि अध्यक्षपदावरून एकही भांडण न होता उभा राहिलेला हा आपल्या भागातला बहुधा एकमेव सार्वजनिक उपक्रम असावा.

बाहेरच्या जगाला असल्या वस्तूंची किंमत कळते. जॅकलीन केनेडी यांची खोट्या मोत्यांची तीनपदरी माळ १९९६ साली न्यूयॉर्कच्या सदबीज या लिलावघरात विकायला निघाली. अंदाज ५०० ते ७०० डॉलरचा होता; माळ गेली २,११,५०० डॉलरला. १९५०च्या दशकातल्या, ल्युसाइट नावाच्या कडक प्लास्टिकच्या डबेवजा पर्स तिकडचे शौकीन काचेच्या कपाटात मांडतात. बेकलाइटची बांगडी खरी की नकली हे ठरवायचे तर ती अंगठ्याने घासून गरम करतात आणि हुंगतात. औषधासारखा उग्र वास आला की प्लास्टिक अस्सल. आपल्या सराफांनी इतकी वर्षे कसोटीचा दगड झिजवला, पण हुंगून बघण्याचे कुणाला सुचले नाही. आपल्याकडे दिवाळीच्या साफसफाईत सूनबाई हा ठेवा भंगारवाल्याला द्यायला काढतात आणि सासूबाई तो तितक्याच शांतपणे परत आत नेऊन ठेवतात. वारसा जपायचा तर घरच्यांचा रोष पत्करावाच लागतो.

यातली मानाची जुनी वस्तू म्हणजे वायरची पिशवी. सत्तर-ऐंशीच्या दशकात दुपारची भांडी झाली की बायका ओसरीवर बसून रंगीत प्लास्टिकच्या वायरीने या पिशव्या विणत. घट्ट गाठी, दोन रंगांची नक्षी, बंदात जाड नळी. एसटीच्या टपावरून खाली आली तरी फाटायची नाही; पावसात भिजली तर झटकली की कोरडी. भाजी, जेवणाचा डबा, लेकराची दुपटी आणि माहेरची चटणी तिच्यात एकत्र नांदत. इतकी टिकाऊ वस्तू घरात असणे बाजाराच्या दृष्टीने गैरसोयीचेच. म्हणून आपण ती माळ्यावर टाकली आणि एका फेरीत फाटणाऱ्या पिशव्यांकडे वळलो. वापरण्याजोगे जपून ठेवायचे आणि फेकण्याजोगे वापरायचे, हे ज्या समाजाला जमले त्याला अर्थशास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही.

संग्रहाचे खरे भूषण मात्र दागिने. त्यांचे मोल कळायला आपल्या मुलखाचा धंदा आठवावा लागतो. विटा-खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि इकडे माण-खटाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. कोलकात्यापासून कोइमतूरपर्यंत कुठल्याही सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत डोकावा, एखादा आपला माणूस भट्टीपुढे बसलेला सापडेल. मोडीचे दागिने मुशीत वितळवायचे, टाकणखार टाकायचा, तेजाबाने हीण काढायचे आणि शुद्ध सोने मालकाच्या हाती ठेवायचे, हे त्याचे काम. पु. ना. गाडगीळ यांच्या सराफी परंपरेची सुरुवातही १८३२ साली सांगलीतच झाली. देशाचे सोने शुद्ध करणाऱ्या या मुलखातल्या बायका लग्नाकार्याला पितळेवर सोन्याचे पाणी दिलेला राणीहार घालून जातात, यात काहींना विसंगती दिसते. मला संयम दिसतो.

खोट्या दागिन्याचा थोर गुण असा की त्याला मोड नाही. खऱ्याला असते, आणि तिथेच त्याचा घात होतो. पाटल्या थोरल्याच्या इंजिनिअरिंगच्या फीला गेल्या. बोरमाळ विहिरीवरच्या मोटारीला, गोठ ट्रॅक्टरच्या पहिल्या हप्त्याला. मोहनमाळ नणंदेच्या लग्नात तात्पुरती म्हणून गेली, ती अजून तात्पुरतीच आहे. दरवेळी सराफाने घट धरली, मजुरी बुडाली आणि घरातल्या कर्त्या मंडळींनी सांगितले, ‘एवढं उसाचं बिल येऊ दे, दुप्पट करू.’ बिले आली. ट्रॅक्टरला नवी ट्रॉलीही आली.

बाईची मालमत्ता पूर्णपणे तिचीच, असे हिंदू उत्तराधिकार कायद्याने १९५६ सालीच सांगून ठेवले आहे. कायद्याचा हा हेतू आपल्या भागात कुणी मनापासून पाळला असेल तर तो बेन्टेक्सने. एक ग्रॅमची ठुशी पतसंस्था तारण घेत नाही, सराफ मोडीत घेत नाही, दीर हक्काने मागत नाही आणि थोरला परदेशी निघाला तरी तिच्याकडे वळून बघत नाही. ज्यावर कुणाचा डोळा नाही, तेच बाईच्या नावावर सुखाने नांदते. स्त्रीधनाला इतके भक्कम संरक्षण देणे संसदेलाही साधलेले नाही. मानेवर लाल चट्टे उठतात अशी एक तक्रार असते. निकेलने उठतात, हे खरे आहे. पण सोन्यापायी बायकांनी याहून बरेच सोसले आहे आणि त्यावर लावायला मलमही नव्हते.

या संग्रहातली एक वस्तू मुद्दाम हातात घेऊन बघावी. सराफ दागिना गुलाबी कागदात गुंडाळतो आणि ती पुडी तळहाताएवढ्या, चेन असलेल्या प्लास्टिकच्या पर्समध्ये घालून देतो. रंग मरून, वर लक्ष्मीचे चित्र, खाली सोनेरी अक्षरांत पेढीचे नाव आणि पाच आकडी फोन नंबर. लक्ष्मीच्या हातातून सांडणाऱ्या मोहरा घासून पुसट झालेल्या असतात. चेन अजून सुरळीत चालते. दागिना मोडीला निघतो तेव्हा गुलाबी कागदासकट जातो, पर्स तेवढी बाई मागे ठेवून घेते. आता तिच्यात ठुशी असते, काळी पडू नये म्हणून कापसात गुंडाळलेली, आणि कापसाबाहेर पुन्हा एक छोटी प्लास्टिकची पिशवी. पेढी हलली, नंबर बदलला, सोने वितळून कुणाच्या तरी गळ्यात गेले. पर्स आहे तिथे आहे. तरी आपले सल्लागार गुंतवणुकीला सोनेच सुचवतात.

एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाला टेकला तेव्हा या संग्राहक भगिनींची झोप उडाली नाही, हेही नोंदवायला हवे. पहाटे फिरायला जाणाऱ्या बायकांच्या गळ्यातले ओढून पळणाऱ्या मोटारसायकलस्वारांची कष्टाची कमाई मात्र या दागिन्यांनी पार बुडवली. चौकीत मुद्देमालाची किंमत विचारली की बाई म्हणते, ‘खोटंच होतं हो,’ आणि हवालदार पेन खिशाला लावतो. जिल्ह्यातल्या मोठ्या चोऱ्यांचा आकडा आटोक्यात राहण्याचे श्रेय आपण उगाच एकट्या पोलिसांना देतो.

पिशव्यांच्या बाबतीत सरकारनेही मदतीचा हात दिला होता. २३ मार्च २०१८ला राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली: पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिन्यांची कैद. नवा माल थांबला की जुना दुर्मिळ होतो, हे कुठलाही लिलाववाला सांगेल. गादीखाली दाबून सरळ केलेल्या साडीच्या दुकानांच्या पिशव्या आता सोन्याच्या भावाने जाणार, अशी आशा वाटू लागली. मंडईने घात केला. कोथिंबिरीच्या जुडीबरोबर पिशवी अजून फुकट मिळते.

मग घरात मावेना तेव्हा आपण हा संग्रह उदारपणे जनतेला अर्पण केला. साताऱ्याचा सोनगावच्या कचरा डेपोत, सांगलीचा समडोळी रस्त्याला, मिरजेचा बेडग रस्त्याला, आणि उरलासुरला शेरीनाल्यातून कृष्णामाईच्या ओटीत. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ओसरल्यावर नदीने काठच्या झाडांवर आमच्या पिशव्या एकेक करून टांगून दाखवल्या, काहींवर दुकानाचे नाव आणि ‘पुन्हा अवश्य या’ असे निमंत्रणही होते. प्रदर्शन दिवसरात्र खुले, प्रवेश मोफत. जुलै २०२१मध्ये नदी निमंत्रणाला मान देऊन पुन्हा आली.

हे असे झाडाझुडपांवर विखुरलेले बरे नव्हे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभारले, तिथे राजा रविवर्म्याची चित्रे नांदतात. साताऱ्याच्या संग्रहालयात २०२४ साली लंडनहून वाघनखे पाहुणी आली. त्याच तोलामोलाचे एक दालन आपल्या या ठेव्यासाठी का असू नये? खर्च किरकोळ आहे. पहारेकरी नको, विमा नको, कसर-वाळवीची भीती नको. या वस्तू दालनापेक्षा जास्त टिकतील. प्रत्येक वस्तूखाली फलक असावा: मालकिणीचे नाव, साल, त्या जागी आधी कोणता खरा दागिना होता आणि तो कशासाठी मोडला. शेवटच्या रकान्याला घरची मंडळी हरकत घेतील. तेव्हा तो ऐच्छिक ठेवावा आणि उद्‌घाटनाच्या दिवशी त्याच मंडळींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा, म्हणजे वाद मिटेल. देणगीदार भगिनींनी वस्तू जमा करायला येताना पिशवीतून आणाव्यात. पिशवी परत मिळणार नाही, तिचीही नोंद होईल.