चुगलीच्या मोबदल्यात झरा

"वहिनी, धुणं राहू द्या घडीभर, इकडे कुंपणाशी या. एक भानगड सांगते."

"कुणाची? वरच्या मजल्यावरच्यांची?"

"छे हो! कॉरिंथची. ग्रीसमधलं जुनं शहर. तिथला राजा सिसिफस, महा बेरकी. असोपस नावाच्या नदीदेवाची लेक नाहीशी झाली. बाप वणवण हिंडतोय आणि पळवणारा कोण ते ह्याला पक्कं ठाऊक. साक्षात देवांचा राजा झ्यूस! पण फुकट सांगेल तर सिसिफस कसला? म्हणाला, आधी माझ्या गडावर पाणी आण. आणि पावणेसहाशे मीटर उंच गड बरं का! असोपसनं झरा काढून दिला, तेव्हा कुठे ह्यानं नाव फोडलं."

"झ्यूसनं सोडलं त्याला?"

"सोडतोय! पाताळात जन्माचा धोंडा ढकलतोय. माथ्याशी नेला की गडगडत खाली. मृत्यूलाही फसवलं होतं म्हणे, तेही खात्यावर होतंच."

"अगंबाई, चुगलीला एवढी शिक्षा? मग आपलं कसं व्हायचं?"

"आपल्याला कुठे कुणी झरा दिलाय! पण गाव पैशाचं हो. दोन समुद्रांमधली चिंचोळी पट्टी, दोन्हीकडे बंदरं. इ.स.पू. 600 च्या सुमारास पेरिअँडरच्या राज्यात फरसबंदी वाट केली, तिच्यावरून गलबतं ओढून पलीकडे न्यायची. कालवा व्हायला 1893 उजाडलं. आणि हा पेरिअँडर! स्वतःच्या बायकोचा जीव घेतला म्हणतात, तरी ग्रीकांच्या सात शहाण्यांत त्याचं नाव."

"पुरुषांना सगळं माफ, काकू."

"जेसनचं ऐका मग. ज्या मेडियानं ह्याच्यासाठी माहेर तोडलं, तिला टाकून निघाला कॉरिंथच्याच राजकन्या ग्लॉकीशी लग्न करायला. मेडियानं पोरांच्या हाती सवतीला भरजरी वस्त्र धाडलं, विष माखलेलं. अंगाचा भडका उडाला तशी ग्लॉकीनं पाण्यात उडी घेतली. कातळात कोरलेलं ते पाण्याचं ठिकाण ग्लॉकीच्याच नावानं आजही दाखवतात."

"आणि पोटची पोरं मारली ना मेडियानं?"

"तिथंच तर खरी गोम आहे! दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसॅनियस लिहितो की पोरांना कॉरिंथकरांनीच दगडांनी ठेचलं, ती घातकी भेट आणली म्हणून. पुढे गावातली तान्ही मुलं दगावू लागली, तेव्हा मेडियाच्या त्या दोन पोरांच्या नावानं दरसाल बळी द्यायला लागले. खून आईच्या हातून झाला हे गाजलं ते युरिपिडीसच्या नाटकामुळे, इ.स.पू. 431 च्या. स्पर्धेत नाटक आलं शेवटचं, तिसरं. आणि जुन्या टीकाकारांनी नोंदवलेली कुजबुज सांगू? कॉरिंथकरांनी म्हणे त्याला पाच टॅलंट चारले, दोष मेडियावर ढकल म्हणून."

"पाच टॅलंट म्हणजे किती हो?"

"सव्वाशे किलोच्या वर चांदी."

"बाई बाई! खरं असेल?"

"देव जाणे. पण आत्ता तुम्हीच काय विचारलंत? पोरं मेडियानंच मारली ना, म्हणून. दिले असतील पैसे, तर पुरेपूर वसूल झाले."