बेझसाहेबांच्या दारी

संख्याशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाबरोबर सहलीला जाऊ नये, असं आमच्या ताईचं मत आहे. लंडनमध्ये तिला राणीचा राजवाडा पाहायचा होता. मी तिला बनहिल फील्ड्सच्या दफनभूमीत नेलं.

आता ही काही ऐरीगैरी दफनभूमी नव्हे. चर्च ऑफ इंग्लंडची शिस्त न मानणाऱ्या नॉनकन्फॉर्मिस्ट मंडळींना इथे आपल्या पद्धतीने मूठमाती मिळे. 1665 ते 1854 या काळात चारेक एकरांत सुमारे 1 लाख 23 हजार माणसं पुरली. ‘रॉबिन्सन क्रूसो’वाला डीफो इथे, कवी ब्लेक इथे आणि ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’वाला बन्यनही इथेच. त्या बन्यनला हरि केशवजींनी 1841 मध्येच ‘यात्रिक क्रमण’ म्हणून मराठीत आणलं होतं. ओल्ड स्ट्रीट स्टेशनपासून मी हे ताईला ऐकवत होतो. ती म्हणाली, “बसायला बाकडं आहे का?”

मला ओढ होती ती थॉमस बेझची. हा धर्मोपदेशक 1761 मध्ये वारला. संभाव्यतेवरचा त्याचा निबंध मित्र रिचर्ड प्राइसने पुढे आणला आणि तो 1763 मध्ये छापला गेला. तो प्राइसही याच मातीत आहे. नवा पुरावा मिळाला की जुना अंदाज सुधारा, हे बेझचं सार मी पोरांकडून वर्षानुवर्षं घोकून घेतलं.

इथली बहुतेक थडगी लोखंडी कठड्यापलीकडे आहेत. फोटोसाठी मी गजांतून मोबाइल धरलेला हात घातला. कोपरापर्यंत सहज गेला, म्हणून खांद्यापर्यंत रेटला. परत येईना. जॅकेटची बाही गजांत गोळा होऊन बसली. ओढलं की आणखी घट्ट. हा नवा पुरावाच होता. तरी मी अंदाज न सुधारता आणखी जोरात ओढलं. बाकांवरची ऑफिसातली मंडळी सँडविच खायची थांबली. एकाने मदत हवी का विचारलं. “नको, नुसतं बघतोय,” मी म्हणालो.

ताई तिकडे मेरी पेज नावाच्या बाईंच्या थडग्यापाशी रमली होती. सरकारी इस्पितळातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेली ती. दगडावरचा मजकूर तिला केसपेपरसारखा वाटला असणार. 1728 मध्ये वारलेल्या या बाईंच्या अंगातून 67 महिन्यांत 66 वेळा मिळून 240 गॅलन पाणी काढलं आणि त्यांनी कधी कुरकुर केली नाही, असं तिथे कोरलंय.

“जलोदरच असणार!” ताई लांबून ओरडली. “दर खेपेला किती झालं रे?”

“साडेतीन गॅलनांच्या वर,” मी गजांतून हिशेब दिला. “ताई, जरा इकडे ये गं.”

आली. बघितलं. “ती बाई 66 वेळा गप्प बसली आणि तू एका बाहीसाठी कण्हतोस? चेन उघड. जॅकेटमधून आधी अंग काढ. हात सैल सोड.” हात लोण्यातून सुरी निघावी तसा बाहेर आला, मागून बाही आली. फोटोत फक्त माझा अंगठा होता.

बनहिल फील्ड्सला तिकीट नाही. गेलात तर मेरी पेजबाईंपासून सुरुवात करा, बेझसाहेबांना कठड्याबाहेरूनच हात जोडा आणि जमल्यास सोबत एखादी निवृत्त सिस्टर न्या.