भातघुम-रक्षण: संगणकधारकांसाठी आचारसंहिता

कलकत्त्याच्या बेहाल्यात दुपारी दोन ते चार या वेळात जगात काही घडत नाही, असं सर्वानुमते ठरलेलं आहे. पोटभर भात जेवून काढायच्या या झोपेला बंगालीत भातघुम म्हणतात. पुणेकरांनी वामकुक्षीसाठी दुकानावर पाटी तरी लावली; इथले लोक पाटी लावण्याइतकेही जागे राहिले नाहीत. प्रस्तुत आचारसंहिता अशा भातघुमाच्या नेमक्या डोक्यावर, म्हणजे पहिल्या मजल्यावर, दणकट संगणक बाळगून घरून काम करणाऱ्या भाडेकरूंसाठी आहे. माझ्या माहितीत असा भाडेकरू एकच आहे.

प्रथम पूर्वपीठिका. मी नागपूरचा, आणि हे घरमालक मेशोमोशाईंना पहिल्याच दिवशी सांगण्याचा गाढवपणा मी केला. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर चालून आली. तेव्हापासून इथल्या अंगाईत बर्गी येतात. बर्गी म्हणजे आपण. कलकत्तेकरांनी धसक्याने शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झाला नाही आणि मराठे तिथवर पोचलेही नाहीत. पुढे खंदक बुजवून सर्क्युलर रोड झाला. बेहाला मात्र त्या खंदकाच्या आत कधी नव्हताच. त्यामुळे वरून घरघर आली की मेशोमोशाई जिन्यात उभे राहून आधी विचारतात, ‘ओटा किशेर आवाज?’, आणि मग स्वतःच उत्तर देतात, ‘बर्गी!’

कलम १. आवाज पंख्याचा असला तरी गुन्हा उष्णतेचा असतो. मी बिल्डर मंडळींना न बांधलेल्या इमारतींची चित्रं करून देतो: झाडं, निळं आभाळ, गच्चीत हसणारं कुटुंब. त्या कुटुंबाच्या दातांवर ऊन पाडायला माझं ग्राफिक्स कार्ड ३२० वॉट खात असे. खाल्लेली सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊन उतरते, म्हणजे मे महिन्यात, घामाने पाठ खुर्चीला चिकटलेली असताना, मी एक छोटी शेगडी पेटवून बसत होतो. कार्डाला २३० वॉटची मर्यादा घातली. दहा मिनिटांचं चित्र अकरा मिनिटांत होऊ लागलं आणि पंखे निम्म्यावर आले. शेवटच्या चार पावलांसाठी ही यंत्रं ऊर फुटेस्तोवर धावतात. एका पैशाचाही खर्च नसलेला हा उपाय मला सगळ्यात शेवटी सुचला. तोवर बाकीच्या कलमांवर बरेच पैसे गेले होते.

कलम २. पंखा मोठा असावा आणि आळशी असावा. वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून लहान पंखा पिसाटासारखा फिरवण्यापेक्षा १४० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ७०० फेऱ्यांनी रेंगाळू द्यावा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याचा सूर बदलू नये. एकसारख्या घरघरीत माणूस झोपतो. ती वर चढली, खाली आली, पुन्हा चढली की उठून बसतो. संगणकात पंख्याचा वेग तापमानाशी बांधून देता येतो. तिथे पंख्याला जरा उशिरा प्रतिसाद द्यायला शिकवावं. तापमान क्षणभर उसळलं तर त्याने मान वर करून पाहावं आणि पुन्हा पडून राहावं. या बाबतीत मेशोमोशाईंचा आदर्श ठेवावा. दाराची बेल एकदा वाजली तर ते उठत नाहीत.

कलम ३. पुढून काच असलेली पेटी घेऊ नये. मी इथल्या चांदनी चौकातून तीच आणली, रंगीत दिव्यांसकट. काचेतून दिवे दिसतात. हवा जात नाही. जाळीची पेटी दिसायला पिंजऱ्यासारखी असते, पण श्वास घेते. याहून जास्त मी इथे लिहिणार नाही, बायको वाचते.

कलम ४. पेटी जमिनीवर नुसती टेकवू नये. या जुन्या घराची जमीन लाल, गुळगुळीत, पाय ठेवताच गार वाटणारी. आणि माझी जमीन हेच मेशोमोशाईंचं छत. पेटीचा थरकाप सरळ त्यांच्या उशाशी उतरत होता. हवाई चपलेचे चार तुकडे कापून पायांखाली घातले आणि तो थांबला. चप्पल माशिमांची, म्हणजे घरमालकिणीची, होती. त्यांनी जोडीतली दुसरीही आणून दिली, लागेल म्हणून.

कलम ५. कपाटात कोंडू नये.

कलम ६. डायमंड हार्बर रोडची धूळ आणि इथली दमट हवा यांच्या संयोगातून पात्यांवर नमदा तयार होतो. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने झाडावा. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर पंखा हवेने भलताच गरगरतो आणि बेअरिंग गमावतो.

कलम ७. पंखे गप्प झाले की कार्डातल्या वेटोळ्यांची किणकिण ऐकू येऊ लागते. वीज खेचताना ती बारीक थरथरतात. मेशोमोशाईंनी माळ्यावर रातकिडा शोधण्यात दोन दिवस घालवले. मी शिडी धरून उभा होतो आणि काही बोललो नाही.

अपवाद: दुर्गापूजेचे पाच दिवस वरील सर्व कलमं स्थगित. कायदा निवासी भागात रात्री ४५ डेसिबल म्हणतो, पण कोपऱ्यावर ढाक घुमत असतो आणि मेशोमोशाई त्यात घोरतात. माझी सगळी जड कामं मी अष्टमीला उरकतो.

परिशिष्ट. परवा दुपारी सव्वादोनला, ऐन भातघुमात, खालून हाक आली. त्यांच्या छताचा पंखा, लग्नातला, कुरकुरत होता. इतकी वर्षं तो कुरकुरतच असावा. वर शांतता झाल्यावर ऐकू आला. हुकाजवळचं रबर झिजून गेलं होतं. मी त्यांच्याच पलंगावर स्टूल ठेवून वर चढलो. माशिमांनी स्टूल धरलं, खिशात चपलेचा उरलेला तुकडा होताच. मेशोमोशाई भिंतीकडे तोंड करून पडूनच होते. ‘आस्ते,’ ते म्हणाले, ‘लोक झोपलेत.’